हातभर वीज

डावा हात खिशात. आमच्या नांदेडच्या गल्लीतले हे शेजारी पहिल्यांदा भेटले, तेव्हा त्यांनी एकाच हाताने नमस्कार केला आणि मला ते उर्मट वाटले. नंतर कळलं, जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरून देण्याचा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा.

"बाई, एक हात लावला तर झटका बसतो. दोन्ही लावले तर वीज छातीतून जाते," त्यांनी समजावलं.

सवय अशी मुरलेली, की लग्नाच्या पंगतीतही डावा हात खिशातच.

मुलांनो, 'आजी, शेजारून कडकड आवाज कसला येतो?' असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. त्याचं हे उत्तर.

डाळ मिलच्या मोटारी लातूरला जास्त, म्हणून त्यांच्या मुलाने दुकान तिकडे हलवलं. वडील रिकामे झाले आणि मागच्या खोलीत हौसेखातर कॉइल बांधू लागले. बोअरच्या प्लास्टिकच्या पाइपवर बारीक तारेचे हजार वेढे आणि डोक्यावर तोंडाला तोंड जोडलेले दोन स्टीलचे वाडगे. खालून दिलेला विजेचा जोर वर जाईतो इतका वाढतो, की वाडग्यातून हवेतच जांभळी वीज उडते. जवळ धरलेली ट्यूबलाइट तारेवाचून पेटते. मी स्वतः धरली आहे, आणि ओरडलेही आहे.

"कढीचे वाडगे हायत ते माझे," त्यांच्या पत्नी कुंपणावरून सांगायच्या. "आता कढी काय यांच्या टकलात वाढू?"

मग त्यांनी नवी, मोठी कॉइल घेतली आणि तिचे वेढे मोजायला मला बोलावलं. "जन्मभर शाळेत हजेरी घेतलीत, बाई. तुमच्याकडून एक पण सुटणार न्हाई." तेवढ्यापुरता डावा हात खिशातून बाहेर यायचा. ते पाइप फिरवत आणि मी दर दहा वेढ्यांना वहीत रेघ ओढी. सहाशे चाळीसच्या आसपास एक वेढा दुसऱ्यावर चढला, आणि ते दिसलं सातशेच्या पुढे गेल्यावर. त्यांनी शांतपणे पाऊणशे वेढे उलगडले.

"कुणाला कळणार आहे?" मी वैतागून म्हटलं.

"विजेला कळतं, बाई."

दसऱ्यानंतर मुलाकडे लातूरला राहायला जायचं, हे पत्नींनी ठरवून टाकलं होतं. वाद उरला तो कॉइलचा.

"टेम्पोत त्या नळीला जागा न्हाई. भंगारात द्या."

"हातभर वीज पाडून दाखवली तर?"

"तर नेऊ. न्हाई पडली, तर पुन्हा तारेचं नाव काढायचं न्हाई. सकाळी दूध आणायचं, दुपारी गप झोपायचं."

"कबूल."

वीतभर वीज त्यांनी जुन्या कॉइलवर पाडली होती. हातभर कधीच नाही. नव्या कॉइलची परीक्षा खंडेनवमीच्या दुपारी ठरली. पंच मी.

खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला. दाराशी गल्लीतली सात-आठ माणसं. मी फूटपट्टी घेऊन उभी. "सरका मागं," म्हणत त्यांनी बटण दाबलं. कडकड झाली, पण वीज वर उडालीच नाही. पाइपवरूनच सरपटत खाली आली. धूर निघाला. त्यांनी बटण बंद केलं, गोधडी ओढली.

पाइपवर ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं वरपासून खालपर्यंत ओढलेली होती. विजेला ओली वाट सापडली होती. तिच्याखालची तार काळी पडली होती.

पत्नींचा चेहरा उतरला. "मघाशी मीच लावलं. दुकानातली हत्यारं समदी लातूरला गेली. तुमचं हेच एक घरात राहिलेलं. हत्याराची पूजा केल्याबिगर नवमी कशी जाऊ द्यायची?"

आता हे ओरडणार, असं मला वाटलं. ते जळक्या तारेवरून बोट फिरवत राहिले.

"तू ह्याला हत्यार म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, लिहा. वीज शून्य. मी हरलो. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"कुणाला बोलावू नका," पत्नी म्हणाल्या. "जाळलं मी, तर नेणार पण मीच. तिथं पुन्हा गुंडाळा."

"अन् मोजणार कोण? बाई तर हितं राहणार."

"मी हाय की. मला शंभरापर्यंत येतं. दहा वेळा मोजीन."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. कपाट, पलंग, पिंपं चढली. ड्रायव्हरशेजारी त्या बसल्या, मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली कॉइल उभी धरून. पुढे दोघांना जागा उरली नाही, म्हणून ते मागे गाद्यांवर चढले. मी फाटकाशी उभी होते. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात टेम्पो आदळला, तसा पुढून पत्नींचा आवाज आला.

"दमानं रे बाबा! तार हाय!"