खरी के खोटी

आमचे थोरले साडू ज्या दिवशी यमाच्या दारी जातील (देव तो दिवस लांब ठेवो), त्या दिवशी ते आधी रेड्याभोवती एक फेरी मारतील, वाकून त्याच्या पोटाखाली बघतील आणि म्हणतील, "दिसायला रेडा आहे, पण हा तो नेहमीचा रेडा नव्हे." याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. बडोद्याच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या मोटारींच्या बाबतीत त्यांनी जन्मभर हेच केलं. परदेशी, चकचकीत, लांबलचक गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. "ती मुळातच वेगळी आहे, तिचं कौतुक काय करायचं?" असा त्यांचा सवाल असे. त्यांचा जीव जडायचा तो चारचौघींसारख्या दिसणाऱ्या गाडीवर, जिचं एखादं दार उलट्या बाजूने उघडतं, जिच्या पाठीला सामानासाठी लांब पेटी जोडलेली आहे, किंवा जिच्या पोटात पेट्रोलच्या इंजिनाऐवजी डिझेलचं इंजिन धडधडतं आहे. फियाट कोणाकडेही असे. पण फियाट असून फियाटसारखी नसलेली फियाट दिसली, की भर रस्त्यात साडूंना समाधी लागे आणि मागच्या स्कूटरवाल्यांना शिव्या सुचत.

लग्नाला गेले तरी हे मांडवात कमी आणि गाड्या लावायच्या मैदानात जास्त. फतेगंजला माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी साडूंचा पत्ता नाही म्हणून मी शोधायला गेलो, तर नवरदेवाच्या फुलांनी मढवलेल्या गाडीखालून त्यांचे फक्त बूट दिसत होते. वरपक्षाचा एक माणूस काठी घेऊन उभाच होता. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. सख्ख्या मावसभावाला ते "तो डिझेलवाला" म्हणत. एकदा आम्ही बडोद्यातच अकोट्याला एका ओळखीच्या घरी समाचाराला गेलो. सगळे खाली मान घालून बसलेले, थोरला मुलगा तर सकाळपासून कोणाशी बोललेला नव्हता. त्या शांततेत साडू खाकरले आणि म्हणाले, "बाहेर उलट्या दारांची डुक्कर फियाट उभी आहे, ती कोणाची?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलाने मान वर केली, "बाबांची," म्हणाला, आणि मग बोलायलाच लागला. बाबांनी ती कुठून आणली, उलट्या दाराने आईचा पदर कितीदा अडकला, हे सांगता सांगता तो हसला आणि मग मोकळेपणाने रडलाही. परत येताना साडू एवढंच म्हणाले, "गाडी छान राखली होती हो माणसाने."

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा म्हणजे त्यांचं गुजराती. साडू मूळचे कराडकडचे, रिफायनरीतल्या नोकरीसाठी बडोद्याला आलेले. आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पिढ्यान् पिढ्या बडोद्याची. तिच्या आजोबांनी संस्थानच्या कचेरीत कारकुनी केलेली. तिची मराठीही अशी, की एका वाक्यात दोनदा "ने" येणार आणि भाजीला ती शाकच म्हणणार. साडूंनी मात्र इतकी वर्षं इथे काढून फक्त एक युक्ती आत्मसात केली होती. मराठी वाक्य बोलायचं आणि शेवटी 'छे' लावायचं. "मला दोन किलो कांदा पाहिजे छे." भाजीवाली बाई त्यांना कांदा देई आणि वर कोथिंबीर फुकट देई. ती करमणुकीची बिदागी असावी असा माझा अंदाज आहे.

आणि आता त्यांच्या गाडीविषयी. त्या काळी फियाटचा गियर स्टिअरिंगला असे आणि पुढची बैठक सोफ्यासारखी सलग असे. साडूंच्या दुधाळ रंगाच्या फियाटचा गियर मात्र खाली, जमिनीवर होता आणि पुढे दोन वेगळ्या खुर्च्या होत्या. "कंपनीनेच थोड्या काढल्या अशा," हे सांगताना त्यांचा आवाज देव्हाऱ्यापाशी उतरावा तसा खाली येई. ताईचं त्या गियरशी लग्नापासूनचं वाकडं होतं. "सगळ्या बायका नवऱ्याला खेटून बसतात, आणि आमच्या दोघांत ही दांडी. सवत परवडली असती ने, ती निदान मागे तरी बसली असती."

पुढे दिवस पालटले. बँका बोलावून बोलावून कर्ज देऊ लागल्या, गोत्रीतल्या त्यांच्या सोसायटीत घराघरापुढे मारुती आली, तिच्यात थंड हवा आली. ताईलाही तीच हवी होती. उन्हाळ्यात फियाटमधून जाऊन आलं की तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा होई. त्यातच शेजारच्या एका गृहस्थांनी सहज म्हटलं, "काका, आ तो मिस्त्रीए गियर नीचे नाख्यो छे. एवी तो घणी जोई." असं घडत नसे असं नाही. गॅरेजवाले पत्रा कापून स्टिअरिंगवरचा गियर खाली आणून देत, अशा गाड्या बडोद्यात बऱ्याच होत्या. पण साडूंना जेवण जाईना. मिस्त्रीने केलेली गाडी म्हणजे त्यांच्या लेखी मुखवटा घातलेला परका माणूस, आणि इतकी वर्षं आपण त्यालाच घरचा समजत होतो की काय, या विचाराने ते रात्री उठून गाडीजवळ जाऊन उभे राहू लागले. शेवटी ताईने करार केला. जाणकाराला दाखवायची. गाडी खरी निघाली, तर ती मारुतीचं नाव काढणार नाही. खोटी निघाली, तर फियाट जाणार.

जाणकार म्हणजे आणंदचे एक शेठ. या गाड्या नव्या होत्या तेव्हा त्यांचं शोरूम होतं. एका रविवारी ते बडोद्याला आले असताना साडूंनी त्यांना घरी आणलं. रिक्षा त्यांनी दारात थांबवूनच ठेवली होती. ताई आणि मी आत चहाच्या तयारीत. खिडकीतून दिसत होतं, शेठ गालिचा उचलून बघताहेत, स्टिअरिंगखाली हात फिरवताहेत, मधेच मान हलवताहेत. मग ते बाहेर आले, त्यांनी हात पुसले, घड्याळात बघितलं आणि चहाला न थांबता लगबगीने रिक्षात बसून निघून गेले.

साडू आत आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "संपलं. गाडी खोटी आहे."

मला वाटलं होतं, ताई निदान मनातून तरी खूश होईल. ती हातातली गाळणी तशीच धरून म्हणाली, "कोण म्हणतं खोटी?"

"शेठ म्हणाले. मी सरळ विचारलं, गाडी खरी के खोटी? तर म्हणाले, बहु खोटी थयो, भाई, मारी गाडी जती रहेशे. जाणार म्हणाले गाडी, ताडकन तोंडावर."

ताईने गाळणी खाली ठेवली. "थयो म्हणाले की थई?"

"काय फरक पडतो आता?"

"अहो, नीट आठवा! थयो की थई?"

"थयो."

"मग ते स्वतःबद्दल बोलत होते!" ताई ओरडलीच. "गाडी असती तर 'थई' म्हणाले असते ने! खोटी थयो म्हणजे मला उशीर झाला. आणि गाडी म्हणजे आगगाडी, त्यांची आणंदची!"

आता खरं म्हणजे 'कामाची खोटी' हा शब्द साडूंच्या कराडलाही आहे. पण मनात एकच भीती घर करून बसली की माणसाला एकच अर्थ ऐकू येतो. साडू खुर्चीतून अर्धे उठले. "मग खरी आहे की नाही, ते काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले. चला, उठा!"

आणि जन्मभर त्या गाडीत नाक मुरडून बसलेली आमची ताई चपला न घालता आधी जाऊन पुढच्या खुर्चीत बसली. मी मागे. साडूंनी घाईत दोनदा चुकीचाच गियर टाकला. गोत्री रोडवर गाई आडव्या बसल्या होत्या, त्यांना ताईनेच काच खाली करून शुद्ध गुजरातीत हाकललं. अलकापुरीच्या बाजूने आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीने शिट्टी दिली होती. ताई अनवाणी पुढे, मी मागे, आणि सर्वांत मागे निकालाच्या भीतीने मुद्दाम हळू धावणारे साडू. शेठ एका खिडकीत रुमालाने घाम पुसत बसलेले दिसले.

"शेठ, गाडी खरी के खोटी?" ताईने विचारलं.

"अरे बेन, असल छे! कंपनीनी!" गाडी हलली तसे शेठ खिडकीतून हात काढून ओरडले, "साचवजो! वेचता नहीं!" म्हणजे जपा, विकू नका.

साडू फलाटावरच्या बाकावर मटकन बसले आणि हसू लागले. डोळ्यांतून पाणी, तोंडाने हसू, असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. ताईही हसत होती. आपण मारुती स्वतःच्या हाताने घालवली, हे तिला कळलं नव्हतं असं नाही. पण इतकं हलकं मी त्या दोघांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि मलाही फार फार बरं वाटलं.

ताईने शब्द पाळला. आता साडूंचा डावा गुडघा गेला आहे, क्लच दाबवत नाही. म्हणून ताई उतारवयात गाडी शिकली. मात्र गियरला तिने एकटीने हात लावलेला साडूंना खपत नाही. ते डाव्या खुर्चीत बसतात, ताई क्लच दाबून "हं" म्हणते आणि साडू गियर टाकतात. परवा अकोट्याच्या पुलावर त्यांची ही जुगलबंदी चुकली आणि गाडी बंद पडली. मागून एक स्कूटरवाला ओरडला, "काकी, खोटी थाय छे!" साडूंनी काच खाली करून त्याला ठणकावलं, "खोटी नाही, खरी छे!"

आता रस्त्यावरच्या झाडून साऱ्या गाड्यांचे गियर खालीच असतात. साडूंच्या गाडीत नवल वाटावं असं लोकांना काहीच दिसत नाही. परवा मी मागे बसलो होतो. पुलावर गाडी पुन्हा सुरू झाली, ताईने "हं" म्हटलं, साडूंनी गियर टाकला आणि ताईने स्टिअरिंगवरचा डावा हात काढून त्या दांडीवर, त्यांच्या हातावर ठेवला. पूल संपेपर्यंत तो तिथेच होता.