शनिवारची डोकेदुखी

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे आणि माझं डोकं पटकन तापतं, हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. सगळ्यात जास्त तापायचं ते तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंवर. मीटिंग शनिवारी सकाळी अकराला. बाईंचा निरोप मात्र शुक्रवारी दुपारीच यायचा, ‘डोकं दुखतंय, उद्या जमणार नाही.’ उद्याची डोकेदुखी आजच कळणारी ही एकटीच बाई, असं मी एकदा भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो. सगळे खो खो हसले होते.

पण याच बाईंनी माझ्या मुलीला दहावीच्या गणितातून तारलं. पोरगी पुस्तक बघितलं की रडायची, ती बाईंकडे जाऊन पास तर झालीच, वर आता इंजिनिअरिंग करते. हे उपकार फिटणारे नाहीत. म्हणून बाई मुलाकडे ठाण्याला कायमच्या राहायला जाणार असं कळल्यावर मी जाहीर केलं, निरोप समारंभ दणक्यात करायचा आणि परिचय मीच लिहिणार.

लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे देव, सगळे सण, आणि ज्यू घर मात्र बाईंचं एकच. ते अभिमानाने सांगावं असं मला वाटत होतं. पण म्हणायचं काय? कमिटीच्या ग्रुपवर विचारलं. एकजण म्हणाला, ‘ज्यू’ शब्द कानाला तोडून बोलल्यासारखा लागतो, ‘यहुदी’ लिहा. दुसरा म्हणाला, ‘यहुदी’ हिंदीतलं वाटतं, ‘इस्रायली’ लिहा. अध्यक्षांनी तोडगा काढला, ‘त्यांचा समाज’ असं मोघम लिहा आणि मोकळे व्हा.

खुर्चीत पेपर वाचत बसलेले बाबा मध्येच म्हणाले, “त्यात काय लिवाचा? ती शनवार तेल्यांची हाय.”

मी ओरडलोच. “बाबा, हा शब्द घराबाहेर काढायचा नाही!” बाबांचा जन्म इथल्याच गावठाणातला, शेती गेली, टॉवर आले, पण जुने शब्द काही जात नाहीत. बाईंच्या कानावर पडला तर मी तोंड कुठे लपवणार होतो?

शेवटी कागद घेऊन सरळ बाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावून परिचय वाचला. शब्दाची जागा मी कोरी ठेवली होती.

“हे होय टेन्शन?” त्या हसल्या. “ज्यू लिहा, यहुदी लिहा, दोन्ही चालतं. घरात आम्ही स्वतःला बेने इस्राएल म्हणतो, ते लिहिलंत तर मला जास्त आवडेल. फक्त इस्रायली नको. ते तिकडच्या देशाचे नागरिक. मी कोकणातली, आणि आता अठरा वर्षं घणसोलीची.”

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या भरात मी बाबांच्या शब्दाचीही कबुली देऊन टाकली.

“माझ्या आजोबांना तो शब्द ऐकवत नसे,” त्या म्हणाल्या. “तेल गाळण्यात कमीपणा नाही हो. पण लोक हेटाळणीने म्हणायचे. त्यामुळे मलाही नाही आवडत. तुमच्या वडिलांच्या मनात तसं नसेल, ते कळतं मला.”

मग त्यांनी कागदाचा खालचा भाग वाचला. ‘शनिवार, सायंकाळी पाच.’ कागदाची घडी करून माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “येण्याचं बघते. डोक्याचा काही भरवसा नाही.”

मी चरफडत खाली आलो. स्वतःच्या निरोपालाही डोकेदुखी! बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले.

“अरं, शनवारी ती कशी येल? ती लोका शनवार पालतात. माझे बापाचे टायमाला शनवारी त्यांचा घाना बंद. म्हनून तं लोक शनवार तेली बोलत. तुला ठावं नाय?”

मला ठावं नव्हतं. शनिवारी शिकवणी नाही, हे पोरगी दोन वर्षं सांगत होती, तरी नव्हतं. योग्य शब्द शोधायला मी आठवडा घालवला आणि त्या माणसाचा पवित्र दिवस मला माहीत नव्हता. ज्यांना मी गप्प केलं, त्या बाबांना तो माहीत होता. माझ्या कारकिर्दीत झालेल्या सगळ्या मीटिंगा आठवल्या, ते सगळ्यांचं हसणं आठवलं, आणि मला माझीच लाज वाटली.

पुन्हा तीन मजले चढलो. “बाई, रविवारी सकाळी दहाला चालेल?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. “पहिल्या वर्षी तेव्हाच्या सेक्रेटरींना सांगितलं होतं. ते म्हणाले, एका घरासाठी वार बदलता येत नाही. मग दर वेळी कोण समजावत बसणार? डोकेदुखी सगळ्यांना समजते.”

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. वाटेत ‘बेने इस्राएल, बेने इस्राएल’ असं पुटपुटत होते. हॉलमध्ये बाईंसमोर हात जोडून म्हणाले, “बाय, जुना शब्द तोंडान बसलाय. चुकून निंगला तं माफ कर.” बाईंनी त्यांचे हात धरले आणि त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

मी मात्र माइक घेण्याआधी सवयीने विचारून बसलो, “डोकं कसं आहे आता?”

“आयुष्यात कधी दुखलं नाही,” बाई म्हणाल्या. “चला, सुरू करा.”