जीपचं रबर

ब्रेक ऑइलचा वास आला की माझ्या गॅरेजात आलेली सिल्व्हर पार्कातल्या एका माणसाची लाल, जुनी स्पोर्ट्स गाडी आठवते. ब्रेकचं रबर गेलेलं, आणि परदेशातून मागवायचं तर नव्या मोटरसायकलइतके पैसे. मालक म्हणाला, "काका, पार्टचा भाव दरवर्षी वाढतोय. काही जुगाड होईल?" मी म्हटलं, "मग तीस वर्षं काय गवत उपटत होतो?" जीपचं रबर पॉलिश पेपरवर घासून बसवलं. तो बायकोला घेऊन थेट उत्तनच्या उताराकडे निघाला, आणि गाडी उभी होती तिथे मला ऑइलचे ताजे थेंब दिसले. रबर धरत नव्हतं. त्याचा नंबर माझ्याकडे होता, फोनही हाताशी होता, पण माझं काम चुकलं हे तोंडातून निघेना. तो परत आला नाही, मीही चौकशी केली नाही. अजून तो उतार आला की मी रिक्षातून उतरतो आणि चालत जातो.