आईच्या लुगड्याची घडी

आमच्या वसईच्या गावात फ्लॉसी टीचरला शब्दांची मुळं उकरायची भारी खोड. निवृत्त झाली तरी गेली नाही. कुणी ‘डुप्लिकेट’ म्हणालं की हिची शिकवणी सुरू. “मूळ लॅटिन. दुओ म्हणजे दोन, प्लिकारे म्हणजे घडी घालणं. एकच कापड दुमडलं की झालं डुप्लिकेट. त्यात खोटं काही नाही.” मग हमखास यायचं, “मी आणि जीना तशाच.” जीना तिची जुळी बहीण, विरारला दिलेली. मी शेजारीण, ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्यांची आई, कार्मिनआजी, अंथरुणाला खिळल्यापासून एकच घोकायची: मला माझ्या लग्नाच्या लाल लुगड्यातच पुरा. फ्लॉसीने तसा शब्द दिला होता. दर मे महिन्यात ती पेटीतलं लुगडं उन्हात घालायची आणि आईच्या हट्टापायी जुन्याच मोडीवर घडी करायची. मोडीवर कापड विरलं, तिथे तिनेच रफू केलं होतं.

यंदा ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आजी गेली. फ्लॉसीने पेटी उघडली. लाल रंग तोच, काठही तसाच. घडीवरून तिने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. रफू नव्हतं.

“हे आईचं नाही,” ती म्हणाली.

जीना शेजारीच उभी होती. नाताळात फ्लॉसी चर्चमध्ये मिस्साला गेली, तेव्हा आईजवळ बसते म्हणून हीच आली होती. आई झोपली आणि हिने पेटी उघडली.

“माझ्या ब्रेंडाच्या साखरपुड्याला घागरा शिवला त्याचा,” जीना म्हणाली. “म्हणून तर नवीन आणून ठेवलं. सेम टू सेम आहे. मातीतच जायचंय, कुणाला कळणार? आणि तूच सांगतेस ना, डुप्लिकेटमध्ये खोटं काही नाही?”

माझा हात शिवशिवला. लेकीसारख्या भाचीच्या त्याच घागऱ्याचा फोटो फ्लॉसीने मला केवढ्या कौतुकाने दाखवला होता!

“एकाच कापडाची घडी, म्हटलं होतं मी,” फ्लॉसी म्हणाली.

दुसरा इलाजच नव्हता. नवं, कडक लुगडं तिने एकटीने आईला नेसवलं. जीना निऱ्यांना हात लावायला आली, तर तिचा हात बाजूला सारला. अंत्यविधीला जमलेल्या बायका म्हणत होत्या, लेकींनी आईची इच्छा पुरी केली हो. जीना डोळे पुसत मान डोलवत होती.

शवपेटी बंद करायच्या आधी फ्लॉसी आईच्या कानाशी वाकली. मी मागेच होते, मला ऐकू आलं.

“आई, हे तुझं नाही गं. तुझं घरातच चोरीला गेलं.”