मुठीतली भाकरी

तामलवाडीला आमचं घर सोलापूरच्या सडकेपासून जरा आत होतं. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी गावातल्या मराठी शाळेत जात होते. वडील मात्र त्या काळी उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेले. त्यांच्या बोलण्यात मधूनच तसला एखादा शब्द यायचा. एका उन्हाळ्यात शेतातून येताना त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून कुत्र्याचं एक पिल्लू आणलं. तांबूस, बरगड्या वर आलेलं.

महिनाभरात बरगड्या बुजल्या, पण त्याची भूक काही भागेना. आई भाकऱ्या थापत असली की ते परातीतला पिठाचा गोळा घेऊन पळायचं. म्हशीसाठी भिजवलेली पेंड त्यानं खाल्ली. ठेचा पुसलेलं फडकंसुद्धा चावून गिळलं आणि दिवसभर जीभ बाहेर काढून बसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीजवळ हजर.

मग तो मंगळवार आला. आईला तुळजापूरला जायचं होतं. उपाशीपोटी तिनं पुरण शिजवलं, पोळ्या केल्या, नैवेद्याचं ताट फडक्यानं झाकून पाटावर ठेवलं आणि लुगडं बदलायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर फडकं हलत होतं आणि त्याच्याखालून शेपटी तेवढी दिसत होती.

आई तोंडावर हात धरून भिंतीला टेकली. पिल्लाच्या मिशांना पुरण लागलेलं होतं.

"देवीच्या आधी यानं खाल्लं," ती वडिलांना म्हणाली. "आजच्या आज ह्याला लांब कुठं सोडून या."

"थोडे दिवस कळ काढ," वडील म्हणाले. "शिकवून बघतो. न्हाय जमलं तर म्याच सोडून यीन."

"कुत्र्याला काय शिकवताव तुमी?"

संध्याकाळी वडील ओसरीवर बसले, भाकरीचा तुकडा मुठीत घेतला आणि मूठ पिल्लापुढं धरली. पिल्लानं मूठ चाटली, चावली, पंजानं ओढली. वडिलांनी बोटं सैल केली नाहीत. शेवटी कंटाळून ते मागं सरकलं, तशी वडिलांनी मूठ उघडली आणि म्हणाले, "ले."

हे रोज चाललं. पुढं उघड्या तळहातावर तुकडा ठेवून ते "सबर", म्हणजे धीर धर, म्हणायचे. पिल्लानं झडप घातली की मूठ बंद. थांबलं की "ले." मग तुकडा जमिनीवर आला, मग थाळीत. आम्हाला सगळ्यांना ताकीद होती, की जेवताना ताटातलं काही त्याला टाकायचं नाही. "चोरी त्यानं केली, पण सवय आपण लावली," ते म्हणायचे. आई हे सगळं दुरून बघायची. ती पिल्लाला कधी शिवत नव्हती.

दिवाळीच्या सुमारास एकदा लोणी कढवायला घेताना शेजारणीनं हाक मारली म्हणून आई बाहेर गेली, आणि लोण्याचा वाडगा जमिनीवरच राहिला. आठवण होताच ती धावत आली. पिल्लू वाडग्यापुढं बसलेलं होतं. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती, अंग थरथरत होतं, पण लोण्याला तोंड लावलेलं नव्हतं. आई उंबऱ्यातच उभी राहिली.

"अगं, ह्यानं खाल्लं न्हाय," ती मला म्हणाली, जणू मला दिसतच नव्हतं.

त्या हिवाळ्यात वडिलांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला मामा त्यांना सोलापूरला घेऊन गेले. दवाखान्यात काही दिवस राहावं लागणार होतं. पहिल्या संध्याकाळी मी पिल्लाची थाळी भरली आणि वडिलांसारखंच "ले" म्हणाले. ते हललं नाही. सडकेकडं बघत बसलं. मला वाटलं, भूक नसेल. सकाळी थाळी तशीच, भाकरी वाळलेली, तिच्यावर मुंग्या. मी ताजी भाकरी दिली, दूध दिलं. "ले, ले" म्हणून माझा घसा बसला. ते थाळीकडं बघायचं, मग माझ्याकडं, आणि पुन्हा मान वळवायचं.

पिठाचा गोळा पळवणारं जनावर भरल्या थाळीपुढं उपाशी बसलंय, हे मला खरंच वाटेना. मी थाळी त्याच्या तोंडाला लावली तर ते उठून लांब जाऊन बसलं. पुढच्या दिवशी त्यानं उठायचंही सोडलं. शाळेत माझं ध्यान लागेना.

त्या दुपारी घरी आले आणि दारातच थांबले. आई अंगणात जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि पिल्लाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. भाकरी दुधात कुस्करून तिनं तळहातावर घेतली होती. "सबर" नाही, "ले" नाही. ती नुसती बोलत होती. "येतील की ते. डोळा बरा झाला की येतील. तू खा तवर, माझ्या राजा." पिल्लानं तिचा तळहात एकदा चाटला, थांबलं, मग पुन्हा चाटलं. मला बघून आई म्हणाली, "उभी काय राहिलीस, अजून दूध आण."

वडील डोळ्यावर हिरवं फडकं बांधून एसटीनं आले, तेव्हा त्यांनी आधी पिल्लाचं पोट चाचपलं. "खात होतं का?" त्यांनी विचारलं.

मी घडलं ते सगळं सांगितलं. ते एका डोळ्यानं आईकडं बघत राहिले.

"बघताव काय?" आई म्हणाली. "हातपाय धुवा, ताट केलंय."

पुढं ते कुत्रं आमच्याकडं म्हातारं झालं. वडिलांकडून ते "ले" म्हटल्यावर खायचं आणि आईकडून काही न म्हणता.