घरटी पाच

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग त्या मुलीचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोर उभा राहतो. निवृत्तीपूर्वीचं माझं ते शेवटचं ठाणं. रेवसच्या बाजूचा किनारा, हद्दीत दोन-तीन कोळीवाडे, एक धक्का, आणि शनिवार-रविवारी मांडव्याला उतरून इकडे फिरणारी मुंबईची गर्दी. पर्यटकांच्या गाड्यांवरून वाद, जाळ्यांवरून भांडणं, अधूनमधून गावठी दारू, असं आमचं कामकाज. माणसं तोंडाने तिखट आणि मनाने साफ. इथे कोणाचंही नाव घालत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि रागावणार नाहीत एवढी मला खात्री आहे.

सुरुवात खबरीपासून झाली. धक्क्याजवळ टपरी चालवणारा हा गृहस्थ आमचा जुना खबरी. बातमी खरी आणायचा, पण मीठमसाला लावल्याशिवाय वाढायचा नाही. एके दिवशी सकाळची हजेरी संपताच आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला की कोळीवाड्यात ऑनलाइन मटका सुरू झालाय. रोज संध्याकाळी वाळवणाचं काम आटपलं की बायका ओट्यांवर बसतात आणि मोबाईलवर काहीतरी दाबत राहतात. एका आळीचं झालं की दुसऱ्या आळीचं. मला काही ते पटेना. त्या बायका मासळीच्या वाट्यावर एक बोंबील जास्त टाकताना दहादा विचार करतात, त्या आकडा कशाला लावतील? पण खबर आली की खातरजमा करायची, हा खात्याचा नियम. स्टेशन डायरीत नोंद केली आणि आमच्या महिला हवालदार बाईंना साध्या वेशात, सुका जवळा घ्यायला म्हणून पाठवलं.

बाई परतल्या त्या जवळा घेऊनच, आणि चेहऱ्यावर हसू दाबत. म्हणाल्या, साहेब, दाबतात हे खरं आहे, पण पैशाची देवघेव कुठेच दिसली नाही. उलट एका म्हातारीने माझाच मोबाईल हातात घेतला आणि म्हणाली, ‘तू पन दाब गो, आपलेच पोरीचा काम हाय.’ दाबायचं काय, तर पडद्यावरची जाहिरात. बाईंनी ते संकेतस्थळ मला उघडून दाखवलं. गावातल्याच एका मुलीचं होतं. आज धक्क्यावर कुठलं म्हावरं आलं, भरती कधी लागते, बोट सुटते की नाही, खेकडा कसा फोडायचा, असलं सगळं त्यात होतं. मुंबईचे लोक इकडे निघण्याआधी ते वाचतात असं कळलं. मी स्वतः त्यातली जिताडा माशाच्या कालवणाची कृती वाचत बसलो आणि जेवायला उशीर केला, हेही सांगून टाकतो.

महिनाभराने सायबर शाखेकडून एक अर्ज चौकशीसाठी वर्ग होऊन आला. अर्जदार एक जाहिरात कंपनी. हा धंदा मला त्या अर्जामुळे समजला. संकेतस्थळावरची रिकामी जागा म्हणजे हमरस्त्यावरची भिंत. ती आपल्याला मिळावी म्हणून या कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करतात, तिथे दुसऱ्यांच्या जाहिराती लावतात, आणि वाचकाने जाहिरात दाबली की भिंतीच्या मालकाला त्याचा वाटा देतात. अर्जातला आरोप असा होता की या मुलीने मशीन लावून खोटे क्लिक केले आणि जाहिरातदारांची फसवणूक केली. तिचं खातं त्यांनी बंद केलं होतं, मिळकत अडवली होती, आणि आता गुन्हा दाखल करून हवा होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मी फोन लावला. ते म्हणाले, क्लिक रोज संध्याकाळी येतात, ठरावीक येतात, ओळीने येतात. माणसं इतक्या शिस्तीत वागत नाहीत, साहेब, हे मशीनच आहे. मला कोळीवाड्यातली ती आळीवार बैठक आठवली.

मुलीला ठाण्यात बोलावलं. आईला घेऊन आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पदवीधर. रिसॉर्टमधली नोकरी सोडून हे काम सुरू केलेलं. अर्ज वाचताना तिचा रंगच उडाला. फसवणुकीचा गुन्हा नावावर लागला की वाचक गेले, मेहनत गेली, आणि पुन्हा नोकरी मागायला गेलं तरी आधी तोच विषय निघणार, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, की साहेब, खातं का बंद झालं तेच मला कळत नव्हतं, मी रोज त्यांना विचारतेय. खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा रागावतो किंवा जास्त बोलतो. हिने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. तेवढ्यात आई पुढे सरकली.

‘सायेब, पोरीला कशाला दटावताव? आमी दाबलाय. घरटी पाच वेला दाबाचा, आसा जमातीत ठरला हाय.’

घरटी म्हणजे दर घरामागे, आणि जमात म्हणजे गावकीची बैठक. गावात होडी वर ओढायची असली की घरटी एक माणूस येतो. हळद असली की घरटी एक बाई भाकऱ्या थापायला येते. कोणाला बोलवावं लागत नाही. आणि त्या गावची रीत अशी, की ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी सांगायचं नाही, नाहीतर त्याच्या मनावर ओझं होतं. त्याच रीतीने सगळा कोळीवाडा आठवडेच्या आठवडे या मुलीच्या जाहिराती दाबत होता आणि तिला पत्ता नव्हता. मुलगी आईकडे वळली. तिला रडू यावं की राग, हे तिचं तिलाच कळेना. अगं आये, ह्याला चोरी म्हणतात, असं ती कसंबसं म्हणाली.

‘मोबाईल आमचा, बोटा आमची,’ आई म्हणाली, ‘मंग चोरी कोनाची?’

कायद्याचं पुस्तक मिटून ठेवलं. मी चहा मागवला.

पण एक गोष्ट मला टोचत होती. जाहिरात दाबली की मालकाला वाटा मिळतो, हे या बायकांना सांगितलं कोणी? मुलीने तर घरात त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. आई म्हणाली, एक पाहुणा आला होता. जमात बसली होती तिथे आला, मुलीला जाहिराती देणाऱ्या कंपनीतला आहे म्हणाला, सगळ्यांनी जितकं दाबाल तितकं तिचं भलं होईल असं समजावून गेला. वर हेही म्हणाला की तिला अचानक आनंद होऊ द्या. गावाला हे अगदी आपल्या रीतीचं वाटलं. त्याला बसवून कालवण-भात वाढला. मुलगी म्हणाली, त्या कंपनीचं कोणीही कधीच आलेलं नाही. मग माझ्या प्रश्नावर तिने सांगितलं की दुसरी एक जाहिरात कंपनी संकेतस्थळावरची सगळ्यात वरची जागा मागत महिनाभर मागे लागली होती. त्यांच्या जाहिराती जुगाराच्या आणि गोरं करणाऱ्या मलमांच्या, म्हणून तिने नकार दिला. आणि खातं बंद झालं त्याच दिवशी त्यांच्या माणसाचा निरोप आला, की ताई, आता तरी आमच्याकडे या. पाणी कुठे मुरतंय ते कळलं. घरटी पाच ही गोष्ट कोणाजवळही काढायची नाही, अशी दोघींना ताकीद देऊन मी त्या एजंटाला समजपत्र काढलं.

तो नवी मुंबईहून आला. इस्त्रीचा शर्ट, ओठांवर साहेब-साहेब, निम्मं बोलणं हिंदीत. त्या गावात पाऊल ठेवलेलं नाही, मॅडमशी फक्त फोनवर बोललोय, असं त्याने ठासून सांगितलं आणि तसा जबाबही लिहून दिला. मी दटावलं नाही. उभ्या नोकरीत मी एक शिकलो होतो. दटावलेला माणूस तोंड मिटतो आणि शिकवायला बसवलेला माणूस उघडतो. मी म्हटलं, आम्ही म्हातारे पोलीस, आम्हाला हे क्लिकबिक काही कळत नाही, जरा समजावून सांगा. गडी खुलला. कागद ओढून घेतला, चौकोन काढले, भिंत, जाहिरात, वाटा, सगळं रंगात येऊन सांगू लागला. माझ्या अडाणी प्रश्नांवर त्याला दयाच येत असावी. मी विचारलं, पण एवढ्याशा गावाच्या क्लिकने मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?

‘पडतो ना, सर,’ तो म्हणाला. ‘समझो, घरटी पाच धरले, तरी रोजचे किती झाले?’

मी कप खाली ठेवला. घरटी म्हणजे काय हो, असं विचारलं. तो म्हणाला, म्हणजे पर हाउस. मी म्हटलं, अर्थ मला ठाऊक आहे, पाचाचा आकडा आणि हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला ते सांगा. कंपनीच्या अर्जात तो नव्हता, मी उच्चारला नव्हता, आणि मॅडमना स्वतःलाच तो माझ्यासमोर कळला होता. गडी कागदावरचे चौकोन पुन्हा गिरवू लागला. हवालदार बाईंनी दार उघडलं. बाहेर बाकावर आधीच बोलावून बसवलेल्या कोळीवाड्यातल्या बायकांनी आत डोकावून ओळख पटवली, आणि त्यातल्या एकीने तर त्याला दोनदा वाढलेलं कालवणही काढलं. तेव्हा मात्र त्याची मान खाली गेली. पहिल्या कंपनीने मुलीला हाकलावं आणि ती आपसूक आपल्या पदरात पडावी, हा त्याचा हिशेब होता. ओळख बदलून गावाला फसवल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. मुलीविरुद्धच्या अर्जावर मी अहवाल लिहिला: मशीन आढळून आले नाही, शेजारी आढळून आले. वरिष्ठांनी दुसरं वाक्य खोडायला लावलं, पण अहवाल मान्य झाला. कंपनीने आढेवेढे घेत तिचं खातं पुन्हा सुरू केलं. तो निरोप तिला मी स्वतः फोन करून दिला, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

माणसं ओळीने, शिस्तीत वागताना दिसली की बाहेरच्याला कटाचा वास येतो. मलाही तोवर यायचा. या प्रकरणाने मला शिकवलं की संशय घेण्याआधी त्या गावची रीत विचारावी. फसवणाऱ्यानेही तीच विचारली होती, म्हणून तर त्याचं फावलं.

पुढे मुलीने जमातीत उभं राहून सगळ्यांना बजावलं की यापुढे कोणी काही दाबायचं नाही. बायका हिरमुसल्या. मग आमी तुझ्यासाठी करायचं तरी काय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, वाचा. तेव्हा उघड झालं की इतके दिवस दाबणाऱ्यांपैकी एकीनेही ते वाचलं नव्हतं. मग संध्याकाळी ओट्यावर एकजण मोठ्याने वाचू लागली आणि बाकीच्या ऐकता ऐकता चुका काढू लागल्या.

काही दिवसांनी आई ठाण्यात आली. सुक्या सोड्यांची पुडी टेबलावर ठेवली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता काय झालं?

‘काय न्हाय, सायेब,’ ती म्हणाली. ‘मना वाचता येत न्हाय. काल शेजारनीनं वाचून दाखवला. पोर पयल्यापासून सगल्या जगाला सांगते हाय, का ह्यो सगला कालवन आयेच्या हातचा हाय. मना कुटं म्हाईत?’