कुंडीत पुरलेला शर्ट

‘मातीत पुरा, मातीच होईल,’ असं शर्टाच्या चिठ्ठीवर लिहायची अक्कल भाच्याची. भाचा म्हणजे हे लिहिणाराच. पण गोष्ट मामीची आहे, तेव्हा त्याने इथे भाचा म्हणूनच कोपऱ्यात बसावं हे बरं. कापड हातमागाचं सुती, रंग डाळिंबाच्या सालींचा, बटणं नारळाच्या करवंटीची. एवढं पाहून पठ्ठ्याने ओळ ठोकून दिली. शिवायला दोरा कुठला वापरलाय हे विचारलं नाही. मामी मशीनवर असताना तिला प्रश्न विचारण्यापेक्षा माणसं गुरगुरणारं कुत्रं ओलांडणं पसंत करतात.

दोरा पॉलिस्टरचा होता.

मामीचा राग नाकावर नसतो, तो थेट जिभेवरच मुक्कामाला असतो. कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात तिने उमेदीची वर्षं बाह्या जोडण्यात घालवली. फक्त बाह्या. अख्खा शर्ट बघायचा तर बाजारात जावं लागे. कुणी शिवणीत खोट काढली की ती म्हणायची, “बाही माझी, शर्ट कुणाचा ते विचारा जाऊन.” तिथे ती पाणीही बेतानेच प्यायची, कारण संडासाला जायचं तर सुपरवायझरकडून बिल्ला घ्यावा लागे, आणि बिल्ला देताना तो घड्याळाकडे बघे. एकदा शेजारच्या मशीनवरच्या बाईला त्याने बिल्ला दिला नाही. मामीने आपल्या मशीनचा पट्टा काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

“घ्या, कमरेला बांधा. साहेबांची चड्डी सुटत चाललीय.”

त्या दिवशी ती बाहेर पडली. मागून दोन बायका आल्या. त्याच दोघी आता तिच्याकडे शिवतात. मामीच्या खोलीतल्या खुर्च्यांना पाठ आहे आणि संडासाला बिल्ला लागत नाही. धंदा सचोटीचा आहे का, असं कुणी विचारलं की ती ह्या दोनच गोष्टी दाखवते.

खोली मात्र वन्संची. म्हणजे मामीच्या नणंदेची, भाच्याच्या आईची. या दोघींचं कधी एकमेकींशी पटलं, अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

“तुझ्या त्या साली उकळून भिंती पिवळ्या झाल्या,” वन्सं म्हणायच्या.

“रंगवायचा खर्च वाचला की, वन्सं.”

“वाचेल. दुकानाची पक्की ऑर्डर आली तर बस इथे. नाही आली तर मोबाइल दुरुस्तीवाला विचारून गेलाय. तो निदान काही उकळत तरी नाही.”

मामी हसली नाही. खोली गेली तर शिवणाऱ्या दोघी बायकांना पुन्हा कारखान्यात बिल्ला मागायला जावं लागणार होतं.

आता दोऱ्याचं. सुरुवातीला तिने सुतीच दोरा आणला होता. तिच्या धावत्या मशीनवर तो तटातट तुटे. त्यातून एका गिऱ्हाइकाचा शर्ट पहिल्याच दिवशी काखेत उसवला आणि तो माणूस हात वर करून भर खोलीत उभा राहिला. फाटक्या काखेला कसली आलीय नीतिमत्ता, असं म्हणून मामीने सुती रिळं कपाटात कोंबली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

ही ऑर्डर देणार होती ती दुकानवाली पूर्वी असल्या चिठ्ठ्यांना दोनदा फसलेली. तिने हिवाळ्यात नमुन्याचा एक शर्ट नेला आणि चिठ्ठीवरचं अक्षरशः खरं धरून गुलाबाच्या कुंडीत पुरला. उन्हं तापायला लागल्यावर ती वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन आली आणि तिने ते बेतायच्या टेबलावर उघडलं.

कापड गेलं होतं. शिवण राहिली होती. कॉलर, कफ, काजं, दोन्ही बाजू, सगळं दोऱ्यात जसंच्या तसं. पेन्सिलीने काढून खोडायचा राहिलेला शर्ट. त्याला बटणं लोंबत होती.

मशीनं थांबली. मामीने ते सगळं नीट पाहिलं.

“शिवण कुठे उसवलेली नाही,” ती म्हणाली. “तक्रार काय आहे?”

“चिठ्ठीची.”

मामीने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने पंख्याकडे पाहिलं.

“ती ओळ माझी नाही.”

“शर्ट तर तुमचा ना?”

बाहीचं उत्तर तिच्याकडे कायम तयार असे. अख्ख्या शर्टाचं नव्हतं.

“मला वाटलं होतं तुम्ही वेगळ्या,” दुकानवाली म्हणाली. “लबाडीच करायची तर कारखाना काय वाईट होता?”

“ओ बाई.” दारात वन्सं उभ्या होत्या, हातात पोछ्याची काठी. “हिला लबाड म्हणायचं तर मी म्हणेन. वीस वर्षं म्हणतेय. तुम्ही काल आलात.”

“तुम्ही मध्ये पडू नका, वन्सं.”

“माझ्या खोलीत मी उभीच आहे, पडायला काय झालंय?”

मामीने पुडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“दोरा मी बदलला,” ती दुकानवालीला म्हणाली, जणू शिवीच देतेय. “काख फाटत होती. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तयार शर्ट सगळे उसवून सुतीत शिवते. मशीन हळू चालवीन, काखेला दुहेरी शिवण घालीन.”

“मग पुन्हा एक पुरीन. ऑर्डरचं त्यानंतर.”

“पुरा. आणि ही बटणं ठेवून जा. करवंट्या घासून बोटं सोललीत माझी.”

“पुराव्याला हात लावायचा नाही,” म्हणत दुकानवालीने पुडकं काखेत मारलं. त्या काखेलाही काही झालं नाही.

मग गठ्ठेच्या गठ्ठे उसवणं आलं. भाच्याला ब्लेड मिळालं, चहा मिळाला नाही. “लेखक ना तू? हे दोरे वाच,” मामी म्हणाली. वन्सं उंच स्टुलावर बसून उसवत आणि प्रत्येक टाक्याला मामीच्या माहेरचा उद्धार करत. मधल्या काळात मोबाइल दुरुस्तीवाला आला, तेव्हा वन्संनी त्याला खोलीत ओल असल्याचं सांगून वाटेला लावलं. ओल कुठे आहे, असं मामीने विचारलं.

“तुझ्या डोक्यात,” वन्सं म्हणाल्या. “उसव.”

दुसरा शर्ट कुंडीत पुरता विरघळला, काखेसकट. उरली फक्त बटणं. ती दुकानवालीने धुऊन परत पाठवली. ऑर्डर आली, मागितली होती त्याच्या अर्धी. वन्सं म्हणाल्या, अर्ध्या ऑर्डरवर अर्धीच खोली. आणि तेव्हापासून रिकाम्या अर्ध्यात आपलं स्टूल टाकून बसतात. चिठ्ठी मामीने स्वतः सांगितली: ‘मातीत पुरा. आधी बटणं काढून घ्या.’

तो पहिला शर्ट, म्हणजे त्याचे दोरे, दुकानवालीने काचेत बसवून दुकानात लावलेत. खाली लिहिलंय, ‘हा आम्ही नाकारला.’ गिऱ्हाइकं थबकून बघतात, आणि बहुतेक तिथूनच एखादा शर्ट उचलतात. मामी त्या दुकानाची पायरी चढत नाही. दर गठ्ठ्यासोबत भाच्याच्या हाती निरोप मात्र जातो: काचेतली बटणं माझी आहेत, ती द्या.

“पुढच्या खेपेला,” दुकानवाली म्हणते. काच अजून उघडलेली नाही.